चंद्रप्रकाश गुणाजी परब यांचं पार्सल

त्या गुरुवारी अनुपमा जेवणाच्या टेबलावर कॉलेजच्या वाचनालयासाठी आलेल्या नव्या पुस्तकांची यादी तपासत होती. समोर तिचे वडील, गुणाजी परब, तिच्या मोबाइलवर एका बोटाने ऑर्डर भरत होते. पुढच्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि पंधरा दिवस कुत्र्याला अंथरुणात घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून परदेशातून एक कापडी पिल्लू मागवायचं ठरलं. त्याच्या पोटात बॅटरीवर धडधडणारं हृदय असतं आणि कुत्री त्याला बिलगून झोपतात, असं गुणाजींना कुठूनसं कळलं होतं.

"नाव कोणाचा घालू गो?"

"घाला कोणाचंही, बाबा."

"कोणाचांय कसा? वस्तू ज्याची, नाव तेचा."

गुणाजींनी विक्रोळीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअर सांभाळलं होतं. फॉर्ममधली रिकामी जागा त्यांना बघवत नसे. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, असे तिन्ही रकाने त्यांनी भरले: चंद्रप्रकाश गुणाजी परब. वस्तू कोणासाठी, या प्रश्नाला त्यांनी नेटक्या इंग्रजीत उत्तर दिलं: धाकटा मुलगा, वय आठ, एकटा झोपत नाही.

"एकदा नजर घाल गो, चुकला बिकला आसात तर."

"उद्या बघते," अनुपमा मान वर न करता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना गुणाजी खाली बसले ते उठलेच नाहीत.

त्यानंतर बावीस दिवसांनी, दुपारी एक वाजता, कुरिअर कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसमधून फोन आला.

"निलेश बोलतोय. चंद्रप्रकाश परब आहेत का?"

अनुपमानं दाराकडे पाहिलं. चंद्रप्रकाश उंबऱ्याला नाक लावून पडला होता. बावीस दिवस तो तिथेच होता आणि पातळ पेजेखेरीज कशाला तोंड लावत नव्हता. असंच चाललं तर आठवड्याभरात सलाइन लावावी लागेल, असं प्राण्यांचे डॉक्टर कालच सांगून गेले होते.

"आहेत. पण बोलू शकत नाहीत."

"बरं. त्यांचं खेळणं कस्टम्सनी अडवलंय. लहान मुलांच्या खेळण्याला दर्जाचं सर्टिफिकेट लागतं आणि ड्युटीही तगडी. सर्टिफिकेट नसेल तर माल परत. आज पाचपर्यंत उत्तर द्यायचंय."

"अहो, ते मुलाचं नाही. कुत्र्याचं आहे."

"खेळणं?"

"हो."

"मग ते खेळणंच नाही."

"म्हणजे?"

"मॅडम, जनावराचं खेळणं कस्टम्सच्या यादीत खेळण्यांमध्ये येत नाही. ज्याचं बनलंय त्यात धरतात. रबराचं असेल तर रबरात, कापडाचं असेल तर कापडात. खेळायचा हक्क फक्त माणसांना."

"मग कापडात धरा ना."

"धरू की. पण इथं लिहिलंय धाकटा मुलगा. त्याचा जन्मदाखला पाठवा. किंवा असा मुलगा नाही, याचा कायतरी पुरावा."

नसलेल्या मुलाचा दाखला कुठल्या वॉर्ड ऑफिसात मिळतो, हे अनुपमाला ठाऊक नव्हतं. बाबांनी मागवलेली शेवटची वस्तू विमानतळाजवळच्या कुठल्यातरी गोदामात पडून होती, आणि ती परत गेली तर तिला दुसऱ्यांदा मागवणारं आता कोणी नव्हतं.

"ऑर्डर दिली त्या गुणाजी परबांनाच द्या ना फोन. त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या की विषय संपला."

"ते देऊ शकत नाहीत."

"आजारी आहेत?"

"नाही."

"गावी गेलेत?"

अनुपमानं फोन दुसऱ्या कानाला लावला. बावीस दिवसांत बाबांबद्दलचं ते एक वाक्य तिला एकदाही उच्चारावं लागलं नव्हतं. नातेवाइकांना, बँकेला, दूधवाल्याला, सगळ्यांना शेजारच्या संघमित्रानं कळवलं होतं. आत्ताही तिनं फोन ठेवला आणि मृत्यूच्या दाखल्याचा फोटो काढून पाठवून दिला.

पाच मिनिटांनी निलेशचा फोन आला. आवाज उतरला होता.

"सॉरी मॅडम. मला माहीत नव्हतं. पण आता अजून वाट लागली."

"का?"

"पार्सल मुलाच्या नावावर, म्हणजे सही त्याची. तो अल्पवयीन, म्हणजे सही पालकाची. पालक तर... मग तुम्ही त्याच्या पालक आहात, असं कोर्टातून आणावं लागेल."

"निलेश, तो कुत्रा आहे."

"मला कळतंय हो मॅडम. कागदाला कळत नाहीये."

अनुपमानं कपाट उपसून लसीकरणाची वही शोधली. ती पाहून तिचा धीर आणखी खचला. मालकाचं नाव, या छापील शब्दांतला 'मालकाचं' गुणाजींनी पट्टी धरून खोडला होता आणि वर 'वडिलांचं' असं लिहिलं होतं. फोटोच्या जागी पासपोर्ट साइझचा फोटो होता. त्यात दोघं डोक्याला डोकं लावून बसले होते आणि लस नेमकी कोणाला दिली, हे फोटोवरून सांगणं अवघड होतं. तरी तिनं वही पाठवली.

"मॅडम, यानं तर मुलगा पक्का झाला," निलेश म्हणाला. "आमच्या शर्मिष्ठा मॅडम म्हणतात, त्यालाच घेऊन या. बघितल्याशिवाय त्या कस्टम्सला लिहून देणार नाहीत."

साडेतीन वाजले होते. तीन रिक्षावाल्यांनी चंद्रप्रकाशला पाहून मान हलवली. चौथा तयार झाला, पण त्यानं अट घातली की कुत्रा मांडीवर बसला पाहिजे. बावीस किलोचा चंद्रप्रकाश मांडीवर घेऊन अनुपमा लिंक रोडवर पवईपाशी पाऊण तास अडकली. फुटपाथवरून कोणी म्हातारा माणूस चालत गेला की कुत्र्याचे कान ताठ व्हायचे. माणूस जवळ आला की ते पुन्हा पडायचे. तिनं दुसरीकडे बघायचा प्रयत्न केला, पण मांडीवर त्याचं ताठणं नि सैलावणं कळायचंच.

ऑफिसात पोचली तेव्हा पाचला वीस मिनिटं होती. शर्मिष्ठा मॅडम पन्नाशीच्या, डोक्यावर चष्मा सरकवलेल्या. त्यांनी टेबलाखाली वाकून चंद्रप्रकाशला नीट पाहिलं.

"कुत्रा तर दिसतोय. पण हाच चंद्रप्रकाश, हे कशावरून? उद्या कोणी शेजारचा कुत्रा आणून बसवेल. हाक मारा त्याला. नावाला उठला की लिहिते."

अनुपमानं घसा साफ केला. आठ वर्षांत तिनं त्याला नावानं हाक मारली नव्हती. ती त्याला 'ए' म्हणायची, फार तर 'सरक'. बाबा त्याला धाकटा म्हणायचे तेव्हा ती पुस्तकातून डोकं काढून म्हणायची, "बाबा, तो कुत्रा आहे."

"चंद्रप्रकाश," ती म्हणाली.

चंद्रप्रकाशनं डोळे मिटले.

"चंद्रप्रकाश, ऊठ ना."

"उठत नाहीये," निलेशनं उगाचच सांगितलं. "पाचला बारा कमी."

"मला दिसतंय रे," शर्मिष्ठा मॅडम म्हणाल्या. "घरात काय म्हणून हाक मारायचे ते?"

अनुपमाला आठवलं. हजेरी घ्यावी तशी हाक असायची ती. तिनं डोळे मिटून ती पुरी हाक मारली. "चंद्रप्रकाश गुणाजी परब."

मधल्या शब्दाला कुत्रा ताडकन उठला. टेबलाखालून निघताना त्यानं खुर्ची पाडली, आणि दारापाशी जाऊन काचेवर दोन्ही पाय ठेवून तो बाहेर बघायला लागला. शेपूट हलत होती. बावीस दिवसांत ती पहिल्यांदाच हलत होती.

"पटलं," शर्मिष्ठा मॅडम म्हणाल्या आणि भराभर टाइप करू लागल्या. कागद छापून आला: सदर चंद्रप्रकाश हा कै. गुणाजी परब यांचा मुलगा नसून कुत्रा आहे, खाली सही करणार यांच्याशी त्याचं कोणतंही नातं नाही, आणि सदर वस्तू केवळ जनावराच्या वापरासाठी आहे.

"वाचा आणि सही करा. सहा मिनिटं आहेत."

अनुपमानं वाचलं. दुसऱ्या वाक्यावर पेन थोडं थांबलं. मग तिनं सही केली आणि निलेश कागद घेऊन स्कॅनरकडे धावला.

दाराशी शेपूट हळूहळू थांबत होती. चंद्रप्रकाशनं मागे वळून अनुपमाकडे पाहिलं आणि तो कण्हला. ती उठली, दारापाशी गेली आणि साडीची पर्वा न करता लादीवर बसली.

"ते नाहीत रे तिथे," ती म्हणाली. "आपले बाबा तिथे नाहीत."

निलेशचा हात बटणावर थबकला. "मॅडम," तो शर्मिष्ठाबाईंना हळूच म्हणाला, "आपले बाबा, म्हणाल्या त्या. मग हे कोणतंही नातं नाही, ते..."

"मी काही ऐकलं नाही," शर्मिष्ठा मॅडम म्हणाल्या. "तूही ऐकलं नाहीस. पाठव."

पाचला दोन मिनिटं असताना कागद गेला. कापडात धरून, मॅडम म्हणाल्या, उद्या संध्याकाळपर्यंत मिळेल. अनुपमानं मान हलवली, पण उठली नाही. कुत्रा अजून काचेकडेच बघत होता. तिनं त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवलं आणि साऱ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला सांगितलं,

"बाबा गेले, चंद्रप्रकाश. बाबा गेले."