सूनबाई जागेवर नाहीत

"माझा वेळ आता कोण खातो तेच बघते," असं मुखवटेवालीनं सकाळी सकाळी घरात जाहीर केलं आणि नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्यानं हातातलं बिस्किट मुकाट्यानं परत बशीत ठेवलं.

तिचं चिडणं खोटं नव्हतं. बाई नाटकांसाठी मुखवटे करायची, आणि ते घराच्या मागच्या खोलीत बसून. आता घरात बसून काम करणाऱ्या माणसाला काम असतं, यावर अख्ख्या इमारतीत कुणाचा विश्वास नव्हता. "तू घरीच आहेस ना?" एवढं विचारलं की झालं. सगळ्या शेजाऱ्यांची पार्सलं हिच्याकडे. वरच्या मजल्यावरची काकू हिच्याकडे किल्ली ठेवायला यायची आणि किल्ली हातात धरूनच जावयाची सगळी गाऱ्हाणी सांगून जायची. नवरा ऑफिसातून फोन करायचा, जरा बँकेत जाऊन येतेस का, तू घरीच आहेस ना. राजाच्या नाकाला रंग लावायला घेतला, की बेल वाजलीच म्हणून समजा. मागच्या नाटकातला राजा तर बिचारा अर्ध्या नाकानिशीच राज्य करून आला.

म्हणून तिनं बेत आखला. रोज सकाळी चप्पल घालायची, खांद्याला पिशवी अडकवायची, सगळ्यांसमक्ष पुढच्या दारानं बाहेर पडायचं. इमारतीला वळसा घालून मागच्या दारानं खोलीत शिरायचं. संध्याकाळपर्यंत ती घरी नाही. ती ऑफिसला गेलेली आहे.

"आणि कुणी आलं तर?" सासूबाईंनी विचारलं.

"सांगायचं, ऑफिसला गेली. कुणीही असो."

"कुणीही?"

"कुणीही."

इथेच ती चुकली. सासूबाईंची सगळी नोकरी एका बड्या साहेबाच्या केबिनबाहेरच्या टेबलावर गेली होती. लोकांना परत पाठवणं हेच त्यांचं काम, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. साहेबाची सख्खी बायको डबा घेऊन आली तर तिलाही त्यांनी बाकावर बसवून ठेवलं होतं, असं सांगतात. निवृत्तीनंतर त्या कोमेजल्या होत्या. सुनेचं बोलणं ऐकलं आणि बाईंच्या चेहऱ्यावर तेज आलं. दुसऱ्या दिवशी पाहावं तर दारापाशी टेबल, टेबलावर इस्त्री केलेलं कापड, आणि खुर्चीत सासूबाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

पहिले काही दिवस स्वर्गसुख होतं. पार्सलवाले आल्या पावली परत जात होते. काकू किल्ली घेऊन आली ती किल्ली घेऊनच परत गेली, आणि जावई तिच्या पोटातच राहिला. दुपारी चहाची तल्लफ आली म्हणून मुखवटेवालीनं मधलं दार उघडून डोकं बाहेर काढलं.

"कोण पाहिजे?" सासूबाईंनी मान वर न करता विचारलं.

"आई, मी आहे. चहा घेते जरा."

"सूनबाई ऑफिसला गेल्यात. चहा त्यांना तिकडेच मिळत असेल."

आणि त्यांनी मधल्या दाराला बाहेरून कडी घातली. तेव्हापासून कामाच्या वेळात ती कडी निघाली नाही. मुखवटेवाली चरफडली, पण तक्रार कुठल्या तोंडानं करणार? नियम तिचाच.

आता वेळ मिळाला म्हणजे काम झालं असतं, असं तुम्हाला वाटेल. तिलाही तसंच वाटलं होतं. मुलांची नाटकं बसवणाऱ्या एक बाई होत्या, भारी चोखंदळ. "रंगरंगोटीला मी भुलत नाही. आधी चेटकिणीचा साचा दाखवा, मग बघू," असं सांगून गेल्या होत्या. साचा पसंत पडला तर सगळ्या नाटकाचे मुखवटे हिचे. नाही पडला तर दुसरा कारागीर तयारच होता. अशा कामासाठी मुखवटेवाली कित्येक वर्षं जीव टाकत होती. पण हाताशी एवढा वेळ पाहिल्यावर तिनं आधी ब्रश आकाराप्रमाणे लावले. मग रंगाप्रमाणे लावले. मग परत आकाराप्रमाणे. असं करता करता बाई संध्याकाळी येणार होत्या तो दिवस उजाडला, दुपार कलली, आणि साच्याचा अजून पत्ता नव्हता.

साचा ती स्वतःच्याच चेहऱ्यावर घ्यायची. चेहऱ्याला तेल चोपडायचं, नाकपुड्यांत दोन नळ्या घालायच्या, डोळे मिटायचे आणि वरून प्लास्टर थापून, ते घट्ट होईपर्यंत बाकावर उताणं पडून राहायचं. ओठ हलला की साचा गेला. प्लास्टरचं शेवटचं पाकीट उरलं होतं. तिनं ते कालवलं, चेहऱ्यावर थापलं, आडवी झाली. बाई यायला अजून अवकाश होता.

तेवढ्यात पुढची बेल वाजली.

"नमस्कार. मी नाटकवाली. इथून जात होते, म्हटलं त्या घरीच असतात, जरा लवकर डोकावू."

"सूनबाई जागेवर नाहीत," सासूबाई म्हणाल्या.

बाकावर मुखवटेवालीनं कान टवकारले.

"कुठे गेल्यात?"

"ऑफिसला."

"ऑफिस? त्या तर मुखवटे करतात ना?"

"ते त्यांना विचारा."

"कधी भेटतील?"

"उद्या या. उद्याही भेटतीलच असं नाही."

"अहो, म्हणजे नोकरी धरली की काय त्यांनी? मला एका शब्दानं कळवलं नाही. माझं नाटक उभं राहायचंय. मग मी त्या दुसऱ्यांकडेच जाते."

"म्म्म! म्म्म्म!" मागच्या खोलीतून आवाज आला.

"आत कुणी आहे का?"

"नळ आहे," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "पाणी जाताना असाच ओरडतो."

मुखवटेवालीनं बाकावर दणादण लाथा झाडल्या.

"आणि हे?"

"वरच्या मजल्यावर काम चाललंय. जाण्याआधी इथे नाव, पत्ता आणि येण्याचं कारण लिहा."

आता मात्र तिच्या डोक्यात तिडीक गेली. प्लास्टर ओढून काढावं तर साचाही गेला आणि कामही गेलं. ती तशीच उठली. मधलं दार ढकललं, तर कडी. मग चाचपडत मागचं दार गाठलं आणि आंधळ्यासारखी भिंतीला हात लावत, अनवाणी, नाकातल्या नळ्यांतून फुसफुसत इमारतीला वळसा घालू लागली. गॅलरीत उभ्या असलेल्या काकूनं हे ध्यान पाहिलं आणि धुण्याची बादली तशीच खाली उपडी केली. भिजली तरी बाई थांबली नाही. पुढच्या दाराशी आली, बेलवर अंगठा ठेवला तो काढेचना.

दार उघडलं. नाटकवाली बाई किंचाळून भिंतीला टेकल्या. सासूबाईंनी समोरच्या पांढऱ्या, चेहरा नसलेल्या, निथळत्या आकृतीकडे चष्म्यावरून पाहिलं.

"वेळ घेतलीय का?"

मुखवटेवालीनं दोन्ही हातांनी प्लास्टर उपटलं आणि ते त्या बाईंच्या हातात कोंबलं. मग ती मटकन उंबऱ्यावर बसली. "मी घरीच आहे," ती कळवळून म्हणाली. "अहो, मी घरीच असते. सदानकदा घरीच असते."

बाईंचं लक्ष नव्हतं. त्या साचा उजेडात धरून आतून पाहत होत्या. आक्रसलेल्या भुवया, फेंदारलेलं नाक, आवळलेले ओठ. घट्ट होता होता प्लास्टरनं सगळा संताप जसाच्या तसा टिपला होता.

"चेटकीण अशीच हवी होती मला," त्या हळूच म्हणाल्या. "सगळं काम तुमचंच. फक्त एक करते. रोज सकाळी येऊन तुमच्याजवळ बसते, गप्पा मारत मारत एकेक मुखवटा ठरवू. तुम्ही काय, घरीच असता ना?"

 मुखवटेवालीनं केविलवाण्या चेहऱ्यानं सासूबाईंकडे पाहिलं. आजवर ज्यांना परत पाठवलं ते पाठवलं, पण आई, आता हिलाही परत पाठवा.

सासूबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजले होते. टेबलावरचं कापड उचललं, त्याची नीट घडी घातली, चष्मा डबीत ठेवला.

"हो, घरीच असते ती," त्या म्हणाल्या. "खुशाल या रोज."

"आई!"

"मला काय डोळे वटारतेस? ऑफिस सुटलं. ऑफिस सुटल्यावर मी खोटं बोलत नाही."