जुनी दप्तरे आणून द्या

मी तसा शंकेखोर माणूस. दाराला कुलूप लावलं की गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि ते ओढून बघायला परत येतो. बँकेत सही करताना आधी पासबुकावरची सही बघून घेतो, कारण माझी सही मला जमेल याची खात्री नसते. पण एका बाबतीत मला तिळमात्र शंका नाही. शब्द! सारा जन्म डहाणूच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून गेला. योग्य जागी योग्य शब्द टाकावा तो मीच! हे आजवर कुणाला बोलून दाखवलेलं नाही, धीर झाला नाही. पण तुम्ही वाचकमंडळी घरचीच.

तर झालं असं, की मुंबईच्या एका संस्थेने आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत छोटंसं अभिलेखागार काढलं. तालुक्यातल्या घराघरांत पडलेले जुने कागद, फोटो, दाखले आणायचे, नीट लावायचे, स्कॅन करायचे, ज्याचे त्याला परत द्यायचे. कामासाठी वर्षभरापुरती एक पदवीधर प्रशिक्षणार्थी नेमली. दक्षा. गंजाडच्या पाड्यावरची, इतिहासात बी.ए. तिला मार्गदर्शन करायला निवृत्त ग्रंथपाल म्हणून मी. म्हणजे ती काम करायची आणि मी तिच्याकडे कौतुकाने बघायचो.

तिची आजी बायजी पाड्यावर सगळ्यांना सांगत सुटली, "आमची दक्षा ट्रेनी झाली, ट्रेनी!" पाड्याने त्याचा अर्थ लावला, की पोरगी रेल्वेत लागली. एक मामा तर सुरतेच्या तिकिटाचे पैसे घेऊन आला होता!

पण गंमत बाजूला ठेवू, कारण दक्षाच्या जिवाला एक घोर होता. पहिले काही महिने चाचणीचे. मे महिन्यात संस्थेच्या योगिता मॅडम येऊन बघणार. गावच्या लोकांनी आपणहून कागद आणून दिले असतील तरच केंद्र चालू, दक्षाचं वर्ष पूर्ण आणि पुढे नोकरीची वाट. नाहीतर केंद्राला कुलूप (ते ओढून बघायलाही मी नको!) आणि दक्षा उंबरगावच्या कंपनीत पॅकिंगला. आणि एप्रिल उजाडला तरी आमच्याकडे आले होते ते माझेच दोन दाखले आणि एक पंचांग.

"सर, नोटीस लावू या," दक्षा म्हणाली. "'घरातले जुने कागद आणून द्या.' साधं, सरळ."

मी हसलो. फार क्वचित हसतो. "दक्षा, कागद म्हणजे रद्दी! लोक वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणून टाकतील. भारदस्त शब्द हवा. कुटुंबाचे जपलेले सगळे कागद, त्यांना एकच शब्द आहे. दप्तर! राजेरजवाड्यांची दप्तरं नसायची का?"

"पण सर, दप्तर म्हटलं की..."

"की काय?"

"काही नाही सर." माझ्यासमोर पोरगी माझ्याइतकीच भिडस्त होते.

मी नोटीस लिहिली. 'घरातील जुनी दप्तरे आणून द्या. काळजीपूर्वक जतन केली जातील.' खाली पत्ता. डहाणूच्या एसटी स्टँडवर लावली, गंजाडच्या बाजारात लावली, कोसबाडला, घोलवडला, तलासरीच्या नाक्यावर लावली. कुणीतरी तिचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरवला. दक्षा आठवडाभर मुंबईला शिकायला जाणार होती, कागदावरची धूळ कशी झटकायची, कसर कशी घालवायची वगैरे. तिला म्हटलं, "निर्धास्त जा. परत येशील तेव्हा ही खोली दप्तरांनी भरलेली असेल!"

आयुष्यात माझं हे एकच भाकीत तंतोतंत खरं ठरलं.

सोमवारी सकाळी गंजाडहून रूपी नावाची बाई आली. उन्हाने लालबुंद. हातात शाळेची गुलाबी बॅग, तिच्यावर फुलपाखराचं चित्र, चेन तुटलेली.

"हे घ्या दप्तर," ती म्हणाली.

मी फुलपाखराकडे बघितलं. फुलपाखराने माझ्याकडे बघितलं.

"हे... दप्तर?"

"मंग? तुमीच लिवलंय ना, जुनी दप्तरं आना? माझ्या पोरीचं हाय. धुऊन आनलंय बरं का! आत कायबाय कागदं भरलेली व्हती, ती काढून घरी टाकली. तुमाला कशाला घान?"

आता तुम्ही म्हणाल, सांगायचं ना तिला! पण ती भर उन्हात एसटी बदलून आली होती. तिच्या चेहऱ्यावर अशी प्रसन्नता होती, जशी घोलवडच्या बागवाल्याच्या चेहऱ्यावर चिकूची गाडी भरून गेल्यावर असते. त्यावर मी पाणी कसं ओतणार? माझ्या तोंडून शब्द आले ते असे :

"छान केलंत."

आणि पावती फाडली. वर शिक्का मारला, 'जतनासाठी स्वीकारले.'

त्या पावतीने घात केला! मंगळवारी रूपीच्या शेजारणी आल्या. बुधवारी अख्खा पाडा. शाळा सुटलेल्या, परीक्षा संपलेल्या, घराघरांत जुनी दप्तरं खुंटीला लटकलेली. सगळी धुतलेली! काहींना तर इस्त्री केलेली! खोलीत साबणाचा असा वास सुटला, की वाचनालयात नवा आलेला एक सभासद इथे लाँड्री आहे का विचारून गेला.

घरी सरिताला सांगितलं. सरिता म्हणजे आमचं कुटुंब. ती बोंबील साफ करत होती.

"अहो, मग लोकांना सांगा की चूक झाली."

"कसं सांगू?"

"तोंडाने!"

"शब्द बरोबरच आहे गं. लोकांनी अर्थ दुसरा घेतला."

"हो का? मग लोकांना सांगा, तुमची चूक झाली!"

तेही मला जमलं नाही.

गुरुवारी तलासरीहून नविनभाई आले. त्यांचं शाळेच्या सामानाचं दुकान. खांद्यावर, गळ्यात, दोन्ही हातांत कोऱ्या बॅगा, एखाद्या सजवलेल्या बैलासारखे! "सर, ऐकलं ते बराबर ने? जुनी दप्तर जमा करायची ने जूनमध्ये नवीन भेटणार? मी होलसेलमध्ये लावून देईन. आ सॅम्पल कुठे मुकू, ठेवू कुठे?"

"नवीन भेटणार? कोण म्हणालं?"

"सगळे म्हणतात. पावती आहे ने सगळ्यांकडे!"

खाली बसायला खुर्ची ओढली, तर खुर्चीवर दप्तरं. स्टुलावर दप्तरं. शेवटी नविनभाईंच्याच एका कोऱ्या सॅम्पलवर बसलो. ते म्हणाले, "बघा, केवढं मजबूत आहे!"

शुक्रवारी मी ठरवलं, की दारावर खुलासा लावायचा. 'दप्तर या शब्दाचा प्रस्तुत संदर्भातील अर्थ...' असं सुरू केलं. तिसऱ्या परिच्छेदात फारसी व्युत्पत्तीपर्यंत पोचलो आणि लक्षात आलं, की कागद संपला.

शनिवार. दक्षा मुंबईहून परतली आणि तिच्याबरोबर योगिता मॅडम. "जातेच आहेस तर मीही येऊन बघून जाते," असं त्या म्हणाल्या म्हणे! दारात पावत्या घेऊन रांग. रांगेतून वाट काढत दोघी आत आल्या. दक्षाने खोलीत नजर फिरवली. कपाटांवर, टेबलाखाली, स्कॅनरच्या डोक्यावर, खिडकीच्या गजांना... फुलपाखरं, मोटारी, वाघ, परी!

दक्षा खाली मान घालून एवढंच म्हणाली, "सर, मी म्हणत होते ना..."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, या ढिगातल्या एका दप्तरात शिरावं आणि चेन लावून घ्यावी. पण चेन सगळ्यांच्याच तुटलेल्या.

योगिता मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "चुरी सर, यातले कागद कुठे आहेत?"

"कागद... नाहीत."

"एकही नाही?"

"धुऊन आणली आहेत," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

"दक्षा," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मला रिपोर्टात काय लिहिता येईल याचा विचार करावा लागेल."

पॅकिंगची कंपनी मला डोळ्यांपुढे दिसायला लागली. मी घसा खाकरला. जन्मात पहिल्यांदा अनोळखी माणसापुढे न विचारता बोललो. "मॅडम, हिची काही चूक नाही. तिने 'कागद' लिहा म्हणून सांगितलं होतं. दप्तर माझं. म्हणजे शब्द माझा."

तेवढ्यात रांगेत गलका झाला. बायजी! एका खांद्यावर काळपटलेलं खाकी दप्तर, पट्टा सुतळीने बांधलेला. रांग मोडून ती सरळ आत.

"ए आजी, लायनीत ये!" मागून कुणीतरी ओरडलं.

"माझी नात हाय आत! ट्रेनी! मला कसली लाईन?" बायजीने दप्तर माझ्यापुढे आपटलं. धुळीचा लोट उठला. या आठवड्यात पाहिलेली पहिली धूळ! "मास्तर, घे. धुतला नाय, रिकामा पन केला नाय. येळच नाय भेटला. आतला माल काढून दे नि नवा दप्तर दे."

"आजी, तू पण?" दक्षा कपाळावर हात मारून म्हणाली.

"मंग काय, गावाला भेटनार नि मला नाय?"

दक्षाने दप्तर उघडलं. वर तंबाखूची पुडी आली. मग तिचीच पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं. मग वनजमिनीच्या दाव्याची पोचपावती, चार घड्यांची. मतदानाची जुनी स्लिप. आजोबांच्या नावाचा गवताच्या वखारीतला मजुरीचा पास. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत एक फोटो : लग्नातली बायजी, इतकी रागावलेली, की नवरदेव दोन हात लांब उभा.

योगिता मॅडम खाली जमिनीवर बसल्या. साडीची पर्वा न करता. "आजी, हे सगळं तुम्ही या बॅगेत ठेवता?"

"मंग कुठं ठेवायचा? खुंटीला टांगला का उंदीर नाय पोचत. समद्यांच्या घरात असाच असतो."

दक्षाने चटकन वर बघितलं. ती उठून दाराशी गेली आणि पाड्यावरच्या बोलीत रांगेला विचारलं, की तुमच्या दप्तरांत काय होतं?

मग एकदम सुरू झालं.

"कागदं व्हती की!"

"आमच्यात बाचा दाखला व्हता."

"आमी काढून ठेवली! मास्तर सोताच सांगतो, छान केलंत म्हून!" ही रूपी. या बाईची स्मरणशक्ती!

सगळ्या नजरा माझ्यावर वळल्या. मी छताकडे बघितलं.

"म्हणजे," योगिता मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "गावाने खरोखरच दप्तर आणलं होतं. तुम्ही ते रिकामं करून घेतलंत."

"शब्द बरोबर होता तर!" मी पुटपुटलो. दक्षाने माझ्याकडे असं बघितलं, की मी पुढचं गिळलं.

मग तिने दारातच स्टुलावर उभं राहून सांगितलं : नवीन दप्तर कुणालाही मिळणार नाही. रांगेत मोठी हळहळ झाली. नविनभाईंची सगळ्यांत मोठी. ज्याचं त्याने आपलं दप्तर घरी न्यायचं, काढलेले कागद परत त्यात घालायचे आणि आणायचे. आम्ही फोटो काढून, साफ करून, प्लॅस्टिकच्या फायलीत लावून त्याच दप्तरात परत देऊ. पुन्हा उंदीर नाही, पाणी नाही. दाखला शोधायला घर उलथंपालथं करायला नको.

"त्या तलाठ्याकडं नकला मागायला जायला नको?" रूपीने विचारलं.

"हरवला तर आमच्याकडे बघायला मिळेल."

"मंग नवीन दप्तर नको. ह्याच बरा!"

दोन दिवसांत सगळी दप्तरं गेली आणि भरून परत आली. न धुता! खोलीत आता साबणाऐवजी धूर, तंबाखू आणि जुन्या कागदांचा वास होता. ग्रंथपालाला याहून काय हवं? मॅडमनी रिपोर्टात लिहिलं, की इतक्या घरांचा विश्वास दुसऱ्या कुठल्याच केंद्राने मिळवलेला नाही. दक्षाचं वर्ष पक्कं झालं. बायजीने बातमी ऐकली आणि विचारलं, "म्हंजे आता फुकट पास भेटंल ना?" दक्षाने तिला गुजरातच्या हद्दीपर्यंत रेल्वेने स्वतःच्या पैशाने फिरवून आणलं. बायजीच्या मते तो पासच होता.

संध्याकाळी सरिताने मला चहा दिला, वर एक बिस्कीटही दिलं. मी मनोमन इतका सुखावलो, की त्या दिवशी कुलूप एकदाच ओढून बघितलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण दक्षा म्हणाली, "सर, आता लोक यायला लागलेत. पुढचं आवाहन करू या. मुंबईला, सुरतेला कामाला गेलेल्या माणसांनी घरी लिहिलेल्या चिठ्ठ्या. नोटीस मी लिहू का?"

"चिठ्ठ्या?" मी म्हणालो. "चिठ्ठी किराणावाल्याची असते. सोपा, रोजचा शब्द घेऊ. मी धडा शिकलोय! पत्रे!"

"मग निदान 'पत्रं' लिहा, सर."

"बोलण्यात पत्रं, लिहिण्यात पत्रे. नोटिशीत प्रमाण भाषा हवी."

'कितीही जीर्ण पत्रे आणून द्या. काळजीपूर्वक जतन केली जातील.' आटोपशीर, निःसंदिग्ध. सगळीकडे लावली.

मे महिना होता. पावसाच्या आधी आमच्याकडे घरोघरी छपरं शाकारतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयापुढे टेम्पो येऊन उभा राहिला. तलासरीचा मिथुन ड्रायव्हर खाली उतरला. मागे गंजलेल्या, भोकं पडलेल्या लोखंडी पत्र्यांची चळत.

"सर, हे जुने पत्रे कुठे उतरवू? आमच्या छपराचे आहेत. टाकणारच होतो, पण तुम्ही जपून ठेवणार असं वाचलं. आणखी दोन टेम्पो मागून येतायत."

दक्षा दारात उभी होती. तिने आधी पत्र्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मिथुनच्या चेहऱ्यावर इतकी प्रसन्नता होती, की मी मुकाट्याने खुर्चीवर बसलो आणि पावतीपुस्तक उघडलं.