नळ चालू होता म्हणून

परदेशात राहायला तिथली भाषा यावी लागते, असं म्हणणाऱ्यांनी परदेशी माणसाबरोबर कधी कामच केलेलं नसतं. मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालो. तिथं जर्मन आले, कोरियन आले, एक तर असा आला की तो कुठला हे शेवटपर्यंत कळलं नाही. सगळ्यांना मी बोल्टपासून बेअरिंगपर्यंत सगळं हातवाऱ्यांवर काढून दिलं. एकानंही माल परत आणला नाही!

त्यामुळं शहागंजात नानासाहेबाच्या कापडदुकानात बसून मी जाहीर केलं, की मी आणि माझी बायको मनकर्णा आता व्हिएतनामात, समुद्रकाठच्या एका गावी राहायला जाणार. नानासाहेब माझा शाळेपासूनचा दोस्त. तो म्हणाला, "बद्री, तिथं बोलणार काय तू? कपाळ?"

मी नुसते दोन्ही हात वर केले. "हे हायेत की."

तुम्ही विचाराल, फुलंब्रीकडच्या माणसाला समुद्राचं काय खूळ? लोकांना मी सांगायचो की तिथं स्वस्ताई आहे, पेन्शनीत नवाबासारखं राहता येतं. ते खरंही होतं. पण मूळ कारण दुसरंच होतं. आमच्या नळाला पाणी येतं आठवड्यानं, आणि तेही रुसलेल्या जावयासारखं, कधी येईल ते न सांगता. मनकर्णेचा सगळा जन्म पाणी भरण्यात गेला. माहेरी विहीर, सासरी हापसा, शहरात आल्यावर टँकर. गेल्या उन्हाळ्यात ती हंडा घेऊन जिन्यात घसरली आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आणली, तर दारातच तिचा पहिला प्रश्न, "ड्रम भरला का?" मला तेव्हा फार वाईट वाटलं. हिला एकदा तरी अशा ठिकाणी न्यायचं, जिथं पाण्याचा विचारच करावा लागणार नाही, असं मी त्या दिवशी ठरवलं. आणि समुद्राएवढं पाणी कुणाकडं असतं?

मनकर्णेनं अट घातली. "व्हिसाचे तीन महिने ऱ्हाऊन बघू. मला करमलं तर पुढचं बोला. नाय करमलं तर फ्लॅट विकायचं नाव काढायचं नाय."

दसरा झाला आणि आम्ही निघालो.

गाव छान होतं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एका घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला. खाली मालकीणबाई राहायच्या. त्यांचं नाव लान. मनकर्णा पहिल्या दिवसापासून त्यांना लानबाई म्हणायला लागली, आणि त्याही पहिल्या दिवसापासून ओ द्यायला लागल्या. तांदळाच्या पिठाचे पातळ पापड करून, बांबूच्या ताट्यांवर वाळवून विकायचे, हा त्यांचा धंदा. त्यांच्या मोबाइलमध्ये आपण बोललेलं त्यांच्या भाषेत करून सांगायची सोय होती. दोघी त्यावर बोलत बसायच्या. मी मात्र हातवाऱ्यांवर ठाम होतो.

नळाला चोवीस तास पाणी! मी मुद्दाम तोटी सोडून मनकर्णेला म्हणायचो, "बघ."

"बगायचं काय त्यात? वाया चाललंय," असं म्हणून ती तोटी बंद करायची.

मला स्वतःला एकच दुःख होतं. तिथं तांदळाचा भात, तांदळाच्या शेवया, तांदळाचे पापड, पण ज्वारी औषधालाही नाही. भाकरी मोडल्याचा आवाज ऐकून किती दिवस झाले, हे मी मनातल्या मनात मोजायचो. पण बोलणार कुणाला? आणलं होतं मीच.

अशात एका सकाळी स्वयंपाकघरातला नळ खोकला.

फक्त एकदा. फुस्स झालं, धार क्षणभर बारीक झाली आणि पुन्हा नीट सुरू. तिथल्या माणसाला ते ऐकूही आलं नसतं. पण आमच्या शहरातल्या बाईचा कान तो! मनकर्णा पोळीचं पीठ तसंच टाकून उठली.

"अहो, पाणी चाललं!"

"अगं, इथं जात नाही पाणी."

"मला शिकवू नका. बादली आणा."

मग तिनं भरायला सुरुवात केली. दोन बादल्या भरल्या. पातेली भरली. कुकर भरला, थर्मास भरला, माझा दाढीचा मग भरला. टेबलावरची फुलदाणी होती, त्यातली फुलं काढून ती भरली. मग मला बाजारात पिटाळलं आणि मोठाले टब आणवले. घरात पाय ठेवायला जागा उरेना, तेव्हा टब गॅलरीत ओळीनं मांडले. कचरा पडू नये म्हणून मी त्यांच्यावर प्लास्टिक घातलं आणि ते सुतळीनं आवळून बांधलं. काम चोख. स्टोअरचा माणूस मी.

खाली अंगणात लानबाई पीठ कालवत होत्या. त्यांनी वर पाहिलं. टब पाहिले, बांधलेलं प्लास्टिक पाहिलं, आणि त्यांचा चेहराच उतरला. हात पिठानं भरलेले, त्यामुळं मोबाइल घेता येईना. त्यांनी गाल फुगवून फूऽऽ केलं, मग डोक्यावर हात गोल गोल फिरवला आणि प्रश्नार्थक माझ्याकडं पाहिलं.

आता एवढं मला कळणार नाही? पंखा! पंखा नीट फिरतो का, हे विचारत होत्या. कालच मी तो दुरुस्त करून मागितला होता. मी हसून जोरजोरात मान हलवली, दोन्ही हात डोक्यावर घेऊन गरागरा फिरवले आणि वर अंगठा दाखवला. म्हणजे लई जोरात फिरतो, काळजी नको.

लानबाई पीठ टाकून पळाल्या.

थोड्या वेळानं गॅलरीतून पाहतो, तर त्यांच्या सगळ्या ताट्या आत गेलेल्या. शेजारचा कोळी आपली गोल, टोपलीसारखी होडी ओढत रस्त्यावर आणत होता. त्याच्यामागं दुसरा, त्याच्यामागं तिसरा. समोरच्या पत्र्यावर दोघं जण वाळूची पोती चढवत होते. मला वाटलं, सण असेल काही तरी. मी वरून हात हलवला. त्यांनीही हलवला, पण हसलं कुणी नाही.

मग घराघरातून बादल्या बाहेर यायला लागल्या. सगळी गल्ली पाणी भरायला लागली.

मनकर्णा कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बगा! त्यांचं बी पाणी चाललं. मी काय म्हणत होते?" आणि तिनं राहिलेले डबेही भरायला घेतले.

मी मात्र गल्लीकडं पुन्हा नीट पाहिलं. पाण्यासाठी कुणी पत्र्यावर वाळू चढवत नाही. होड्या रस्त्यावर, खिडक्यांना फळ्या. हे वादळ! समुद्राकडचं, घरं उडवणारं! मी तडक नानासाहेबाला व्हिडिओ कॉल लावला. तो दुकानात, गिऱ्हाइकांत बसलेला. नेमका मनकर्णेचा भाऊ सूर्यभानही फुलंब्रीहून लुगडी घ्यायला तिथं आलेला. मी मोबाइल फिरवून गल्ली दाखवली.

"दाजी," सूर्यभान ओरडला, "ताईला घिऊन डोंगरावर चढा!"

"डोंगर कुठाय इथं?"

"मग टेबलावर चढा!"

मी बॅगा भरल्या. पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात बांधला. मनकर्णेला टेबलावर बसवलं. फुलदाणी मांडीवर घेऊन ती बसली, कारण पाणी सांडलं असतं. बॅगा खाली नेऊन दाराशी ठेवल्या, त्या लानबाईंनी पाहिल्या. परदेशी माणसं बॅगा भरून निघालीत म्हटल्यावर त्यांची उरलीसुरली शंकाही गेली. त्यांनी ते पुढच्या गल्लीत सांगितलं. पुढच्या गल्लीनंही होड्या ओढल्या. त्या होड्या पाहून मी मनकर्णेला टेबलावरून माळ्यावर चढवायला निघालो.

एवढं सगळं चाललं असताना समुद्र डबक्यातल्या म्हशीसारखा निवांत पडून होता.

शेवटी स्कूटरवरून वॉर्डाचे अधिकारी आले. त्यांनी हवामानाचा अंदाज सगळ्यांना दाखवला. आकाश स्वच्छ, वारा नाही, वादळ कुठंच नाही. मग त्यांनी विचारलं असणार, की हे सांगितलं कुणी? पुढच्या गल्लीनं आमच्या गल्लीकडं बोट दाखवलं. आमच्या गल्लीनं कोळ्याकडं, कोळ्यानं लानबाईंकडं, आणि लानबाईंनी वर, माझ्या गॅलरीकडं.

साहेब वर आले. मागून लानबाई. जिन्यात अख्खी गल्ली. साहेबांनी टब पाहिले, कुकर पाहिला, टेबलावर फुलदाणी घेऊन बसलेली मनकर्णा पाहिली आणि गळ्यात पासपोर्ट बांधलेल्या मलाही पाहिलं. त्यांनी लानबाईंचा मोबाइल मनकर्णेपुढं धरला. मोबाइल मराठीत बोलला, "वादळ नाही. तुम्ही पाणी का भरले?"

मनकर्णेला प्रश्नच कळला नाही. म्हणजे मराठी कळलं, पण यात विचारण्यासारखं काय, ते कळेना. ती म्हणाली, "नळ चालू होता म्हणून."

मोबाइलनं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. साहेबांनी परत ऐकलं. मग माझ्याकडं पाहिलं. लानबाईंनी गाल फुगवून पंखा नाही, वादळ विचारलं होतं, हे मला तेव्हा उमगलं. माझे हात पहिल्यांदाच खिशात गेले.

आता राहायची परवानगी काढून घेतात की काय, अशी मला भीती वाटली. सुचेना, तेव्हा मी माझ्या मोबाइलवरचा गेल्या उन्हाळ्यातला व्हिडिओ लावला. आमची गल्ली, टँकर, ड्रमांची रांग, बायांची रेटारेटी, आणि त्यात एका हाताला प्लास्टर घातलेली, दुसऱ्या हातानं पाइप धरलेली मनकर्णा. साहेबांनी पाहिलं. लानबाईंनी पाहिलं. जिन्यातल्या लोकांनी मोबाइल हातोहात खालपर्यंत नेला. कुणी हसलं नाही.

लानबाईंनी मनकर्णेचा हात धरला, तिला टेबलावरून उतरवलं आणि नळाजवळ नेलं. तोटी सोडली आणि तिचा मोडून जुळलेला हात धारेखाली धरला. मनकर्णेचे डोळे भरून आले. मग तिनं दुसऱ्या हातानं तोटी बंद केली.

"वाया चाललंय, लानबाई," ती म्हणाली.

साहेब गेले. गल्लीनं होड्या परत नेल्या आणि भरलेलं पाणी झाडांना घातलं, रस्त्यावर ओतलं. आमचे टब रिकामे करायला चार माणसं मदतीला आली, तर मनकर्णा गॅलरीच्या दारात आडवी उभी राहिली. "भरलेलं पाणी वतायचं? घरात लक्ष्मी ऱ्हाईल का?" कुणी हात लावला नाही.

आणि पुढच्याच आठवड्यात खरं वादळ आलं.

या वेळी साहेब भोंगा घेऊन सांगत फिरले, तर लोक आमच्या गॅलरीकडं बघून हसत होते. वादळ तसं लहानच होतं. कुणाचं फारसं नुकसान झालं नाही, पण वीज गेली आणि पंप बंद पडले. नळ या वेळी खोकला नाही, सरळ मेला. दुपारपर्यंत गल्लीतली भांडी कोरडी झाली, आणि मग एकेक जण हातात पातेलं घेऊन आमच्या जिन्याशी यायला लागला.

मनकर्णेनं पदर खोचला. टबावरचं प्लास्टिक सोडलं. हातात तांब्या घेतला.

"रांगेत या! एका घराला एक पातेलं! ए दादा, तू आत्ताच नेलं ना? व्हय मागं."

सगळं अस्सल मराठवाडी बोलीत, आणि एकाही माणसाला मोबाइल लागला नाही. कोळी निमूट मागं झाला. लानबाई तिच्या शेजारी उभ्या राहून पातेली धरत होत्या. ज्या बाईला पाण्याच्या रांगेतून सोडवायला मी समुद्र ओलांडला होता, ती त्या रांगेच्या तोंडाशी उभी होती, आणि लग्नातल्या यजमानिणीसारखी खुलली होती. तिला इतक्या आनंदात मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. मी मागून टब ओढून देत होतो.

व्हिसा संपला आणि आम्ही घरी परतलो. नानासाहेबाच्या दुकानात सगळे जमले. सूर्यभान आला. मी घसा खाकरून तयारी केली होती की, मित्रहो, आपलं गाव ते आपलं गाव, भाकरी ती भाकरी, फ्लॅट काही विकायचा नाही.

त्याआधीच मनकर्णा म्हणाली, "मला तिथं करमलं. लानबाईनं परत बोलावलंय. आमी जाणार."

माझं तोंड एवढंसं झालं.

"पण एक हाय," ती पुढं म्हणाली. "तिथं धड ड्रम मिळत नाय. झाकणाचा, मोठा, निळा ड्रम इथून न्यायचा."

"अगं, रिकामा ड्रम विमानात कोण नेऊ देईल?" मला वाटलं, सुटलो.

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं ती माझ्याकडं लग्न झाल्यापासून पाहत आलीय.

"रिकामा कशाला? त्यात ज्वारीचं पीठ भरायचं. तुमी झोपेत भाकर मागत होते तिथं."

तेव्हापासून मी शहागंजात रोज ड्रम बघत फिरतोय. कुणाच्या माहितीत घट्ट झाकणाचा असेल तर सांगा.