पुलावरल्या फितुरीचा आळ आणि पिंपाचे पाणी यांची हकीकत

श्री. ज्याच्या कृपेने पेटाऱ्यावरचा दिवा हिरवा राहतो आणि ज्याच्या कोपाने तांबडा होतो, त्या अनामिक दैवतास प्रथम दंडवत. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, फाल्गुन मासी ऐसे वर्तमान जाहले की संवत्सराने आपले नाव खरे केले. पथकाचे सभेने आज्ञा केली की पुलावर नेमके काय घडले ते लिहून पाठवावे, कोणाची भीड धरू नये. त्यावरून टेंभेकरांचे गल्लीत राहणारा हा सेवक लिहितो. भीड धरीत नाही. राग मात्र धरला आहे आणि तो लपवीतही नाही, कारण निरपराध बाईचे अब्रूवर चिखल उडविला आणि उडविणारे हात धुऊन जेवावयास बसले.

एक राज्य होते. नाव लिहीत नाही, कारण लिहिले तर कंपनी म्हणेल की त्या गावाहून आम्हांस तक्रारच आली नाही. राज्य मोठे, मध्ये नदी, नदीस आठ महिने पाणी नाही, आणि नळास पाचवे दिवशी येई तेही पाऊण तास. नदीअलीकडे टेंभेकरांचे घर, तेथील सूनबाई मृदुलाबाई, वय वर्षे चौतीस, दिवसा औषधांचे दुकानी बसत आणि सायंकाळी सहाचे सुमारास संगणकापुढे बसून बंदूक हाती घेत. खेळ ऐसा की चौघे इकडचे, चौघे तिकडचे, प्रत्येक जण आपापल्या घरी, आणि मध्ये पडद्यावर एक पूल. जो पूल राखील तो जिंकला. लढाई लटकी, रक्त लटके, परंतु अब्रू खरी. बाईंनी पाच वर्षे पथकात चाकरी केली, नेम ऐसा की पुलाचे रखवालीस दुसरे कोणाचे नाव निघत नसे. पथकाचे सरनोबत तेजसराव खरमाटे, गळा मोठा, अक्कल गळ्याचे मानाने बेताची. शत्रूचे पथक नदीपलीकडचे, आणि त्याचे आघाडीस निशिकांत, बाईंचे सख्खे धाकटे बंधू. नदीपलीकडे बाईंचे माहेर. हे ध्यानी ठेवावे, कारण पुढला सर्व अनर्थ यातूनच निघाला.

त्या साली मुलखाचे निशाणासाठी या दोन पथकांत तीन लढाया नेमल्या, दोन जिंकेल त्याचे निशाण. पहिली लढाई शुद्ध अष्टमीस जाहली. बाई पुलावर उभ्या, समोरून निशिकांत चालून आला, बाईंनी नेम धरिला, गोळी झाडली आणि आपले पडद्यावर तो पडलेलाही पाहिला. मग पडदा थिजला, मग हलला, आणि पाहतात तो बंधू जिवंत, पूल पार, आणि बाई स्वतः मरून पडलेल्या. इतर तिघांचे पडद्यांवर काय दिसले, तर बाई मैलाचे दगडासारख्या उभ्या आहेत आणि भाऊ त्यांस गोळी घालून खांद्याजवळून निघून गेला आहे. यास लॅग म्हणतात. हुकूम येथून सुटावा आणि रणात वेळेवर पोचू नये, तो लॅग. आणि जासूद जाऊन परत येण्यास जो वेळ लागतो तो पिंग; चाळीस असता जासूद धावतो, चारशे जाहला की रस्त्यात चहा पीत बसतो. त्या सायंकाळी बाईंचा पिंग चारशे दहा होता. परंतु सरनोबतांनी तो विचारला नाही. कानास लावावयाचे यंत्रातून सर्वांसमक्ष बोलिले, "माहेरची माणसं आली की दार उघडायचंच असतं, नाही का?"

बाई म्हणाल्या, "मी गोळी झाडली होती. माझ्याकडे तो पडला होता, तेजस."

"लॅग लॅग सगळेच म्हणतात. बाकी तिघांना कसा नाही झाला? पुढच्या वेळी पूल नीट राखा, नाहीतर दुसरं पथक बघा. फितूर माणूस मला चालणार नाही."

पाच वर्षांची चाकरी आणि हा शब्द. बाकीचे दोघां शिलेदारांपैकी एकाचेही तोंडून "तसं नसेल हो" एवढेदेखील निघाले नाही. बाईंनी यंत्र काढून ठेविले आणि पोळ्या लाटावयास गेल्या, त्या दिवशीच्या पोळ्या जाड जाहल्या.

मग बाईंनी कंपनीस हाक मारली. ही कंपनी कोण, तर जी घरोघर इंटरनेटची तार नेते, भिंतीस पेटारा ठोकते, हप्ता महिन्याचे पहिले तारखेस बिनचूक नेते आणि त्यानंतर ओळख देत नाही. पेटारा म्हणजे राउटर. तिकडून आवाज आला, "मॅडम, राउटर एकदा बंद करून चालू करा." बाई म्हणाल्या, "अकरा वेळा केलाय." आवाज म्हणाला, "मग दहा मिनिटं बंद ठेवून चालू करा." तेही केले. मग आवाज म्हणाला की आमचेकडून शंभरचा वेग निघतो आहे, पुढे तुमचे घर. अहो, शंभरचा वेग निघाला तो गेला कोठे हेच तर बाई विचारीत होत्या. घरचे सर्व फोन बंद करविले, मामंजींची कीर्तने बंद करविली, ते बिचारे दोन सायंकाळी भिंतीकडे पाहत बसले, तरी पिंग खाली येईना. तार थेट संगणकापर्यंत ओढावी म्हटले तर पेटाऱ्याची भोके मोडकी, ती कंपनीने बदलून द्यावी. पेटारा हलवावा तर कंपनीची तार बोटभर लांब नाही, आणि वाकवली तर तुटते. मग कंपनीने सांगितले की उद्या सकाळी दहा ते सायंकाळी सहा या अवधीत आमचा मनुष्य येईल. बाईंनी दुकानातून रजा घेतली, दिवसभर दाराकडे डोळे लावून बसल्या, न्हाणीघरात गेल्या तरी दार उघडे ठेवून गेल्या, कोणी आले नाही. सहा वाजून पाच मिनिटांनी संदेश आला की ग्राहक घरी नसल्याने तक्रार बंद करण्यात आली आहे. असत्य बोलावे, परंतु दारात बसलेल्या मनुष्यास तू घरी नाहीस म्हणावे, इतके बोलू नये.

बाई मात्र खचणाऱ्या नव्हत्या. रोज सायंकाळी सहास पिंग पाहून संगणकाजवळील दिनदर्शिकेवर मांडीत गेल्या. चारशे दहा, तीनशे तीस, दोनशे वीस, एकशे दहा, बेचाळीस, आणि पुन्हा एकदम चारशे. अर्थ लागेना. संकष्टीस सासूबाई सुलोचनाबाई चंद्रोदय पाहावयास दिनदर्शिकेपाशी आल्या आणि ते आकडे वाचून थबकल्या. म्हणाल्या, "हे माझं पिंप तू कशाला मोजतेस ग?"

"पिंप कुठलं, आई? हा पिंग आहे."

"असेल. पण पहिल्या दिवशी भरलेलं, मग रोज थोडं थोडं कमी, पाचव्या दिवशी तळ, आणि नळ आला की पुन्हा काठोकाठ. ये, दाखवते."

बोळात नळाशेजारी दोनशे लिटरचे स्टीलचे पिंप, आणि त्यामागील भिंतीवर सुलोचनाबाईंच्या खडूच्या रेघा, रोज किती वीत पाणी उरले त्याच्या. दिनदर्शिका काढून आणली आणि शेजारी धरली, तो दिवसास दिवस मिळाला. बोळाचे एका टोकास पेटारा, दुसरे टोकास संगणकाची खोली, आणि बरोबर मध्ये पिंप. घरातला जासूद बिनतारी, हवेतून धावणारा; पिंप पाण्याने भरले की त्याची वाट अडली, पाणी उतरले की मोकळी. जे कंपनीचे शंभर माणसांस उमजले नाही ते सासूबाईंचे विती मोजण्यातून उमगले. पिंप दुसरीकडे ठेवावे तर घरात नळ तो एकच, आणि भरलेले हलवावयास चार माणसे लागतात. मग बाईंनी दोन्ही पथकांस सांगून दुसरी लढाई वद्य सप्तमीस नेमविली, नळाचे आदले दिवशी, पिंप तळास असता. सासूबाई म्हणाल्या, "त्या दिवशी पिंपात थेंब राहू द्यायची नाही. माझा शब्द."

आणि सप्तमीस दुपारी चार वाजता, एक दिवस आधी, कोणास न कळविता, नगरपालिकेने नळ सोडला. गल्लीतील लोक कामांवर, घरांना कुलुपे. सुलोचनाबाई डुलकी घेत होत्या, नळाचा घर्र आवाज कानी आला, उठल्या, आणि चाळीस वर्षे जे केले तेच हातांनी केले. पिंप काठोकाठ भरून झाकण ठेविले तेव्हा कोठे शब्द आठवला. साडेपाचास सूनबाई घरी आल्या तो सासूबाई पिंपाशेजारी पाटावर बसलेल्या. म्हणाल्या, "नळ आला ग. हात थांबला नाही."

बाईंनी संगणक पाहिला, पिंग चारशे बारा. डोळे भरले. ते पाहिले आणि सुलोचनाबाई उठल्या. पाणी ओतून देणे त्या राज्यी गोहत्येसारखे पाप. परंतु त्या दारात उभ्या राहून बोलिल्या, "ज्यांना नळ सापडला नाही त्यांनी भांडी घेऊन या. माझ्या सुनेला फितूर म्हणतात, अर्ध्या तासात पिंप रिकामं करायचंय." लोक कामांवरून परतत होते, नळ येऊन गेला ऐकून कपाळास हात लावीत होते, ते घागरी, कळशा, बादल्या, एक जण तर इडलीचे पातेले घेऊन धावला. लिहिणारानेही चार घागरी वाहिल्या, खांदा अद्याप दुखतो. थेंब सांडला नाही. सहास तीन मिनिटे उरली तेव्हा पिंप वाजले आणि पिंग चव्वेचाळीस जाहला.

मग लढाई जाहली. बाई पुलावर उभ्या राहिल्या, समोरून निशिकांत आला आणि पुलाचे मध्यावर थबकला. पाय जागचे जागी हलताहेत, तोंड कठड्याकडे. बाईंनी ते रूप ओळखले, पंधरा दिवस त्याच रूपासाठी शिव्या खाल्ल्या होत्या. हात क्षणभर अडला. परंतु पथकाचे मीठ खाल्ले, म्हणून गोळी झाडली, भाऊ पडला, पूल राहिला, लढाई जिंकली. आता तरी आळ निघावा. तो सरनोबत काय बोलिले, तर हसून बोलिले, "वा. भावानं ओवाळणी घातली म्हणायची." आणि नदीपलीकडे त्यांचे सरनोबतांनी निशिकांतास तोच शब्द ऐकविला, की बहिणीस विकला गेलास. अरे, थिजली तर फितूर, मारले तर ओवाळणी! मनुष्याने करावे तरी काय? दोन्हींकडल्या बाकीच्या सहांपैकी एकासही कंपनीचे नाव घ्यावे असे सुचले नाही, माहेर तेवढे सुचले.

बाई जेवल्या नाहीत. तेव्हा सुलोचनाबाईंनी ताट पुढे सरकविले आणि एवढेच विचारिले, "आज तुझ्या माहेरीही चारलाच नळ आला असेल ना?"

बाईंनी फोन लाविला. आला होता; एरवी नदीपलीकडचा नळाचा दिवस वेगळा, त्या दिवशी मात्र दोन्हीकडे एकदम सोडला. विहिणबाईंनीही पिंप काठोकाठ भरले होते, आणि निशिकांताचा पेटारा त्या पिंपामागेच. मग दोघी विहिणींनी फोनवर आपसांत ठरविले, सरनोबतांस विचारिले नाही, की तिसरी लढाई वद्य एकादशीस, दोन्ही पिंपे तळास असता, आणि नळ अवेळी आला तरी कोणी हात लावावयाचा नाही. ते चार दिवस गल्लीने टेंभेकरांकडे रोज एकेक कळशी परत पाठविली, त्यावर घर चालले.

एकादशीस इकडे पिंग एकेचाळीस, तिकडे त्रेचाळीस. बहीणभाऊ पुलावर समोरासमोर आले आणि दोघांनी एकाच वेळी गोळी झाडली. बाईंचे खांद्यास लागली. निशिकांत पडला आणि पडलेलाच राहिला. तेजसराव तोंड उघडणार तो निशिकांताने आठही जणांचे कानी जाईल असे सांगितले, "आज लॅग नव्हता, ताई. मी पूर्ण जोर लावला होता. तू मारलंस." शत्रूची साक्ष, तीही सख्ख्या भावाची, तिजपुढे सरनोबतांचा मोठा गळा चालला नाही. "बरं" म्हणाले. माफी मागितली नाही. बाईंनी निशाण पथकाचे हवाली केले, यंत्र काढून ठेविले, आणि दुसरे दिवशी पथक सोडल्याचा कागद पाठविला, त्यात कारण लिहिले नाही.

तात्पर्य इतुकेच. पुलावर फितुरी जाहली नाही, पहिले लढाईतही नाही, दुसरीतही नाही. एकदा इकडे, एकदा तिकडे घरच्या बायकांनी पाणी भरिले होते, तो गुन्हा नव्हे. पुढे नदीअलीकडे नवे पथक उभे राहिले, सरनोबत मृदुलाबाई, आघाडीस निशिकांत, आणि लढाईची तिथी सुलोचनाबाई भिंतीवरच्या रेघा पाहून नेमतात. कंपनीचा संदेश काल आला की आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण जाहले आहे, कृपया पाच तारे द्यावे. मनुष्य अद्याप आलेला नाही. बहुत काय लिहिणे, खांदा दुखतो.