व्हर्जन पाच

साखर कारखान्याच्या नव्या वेबसाइटवर संचालक मंडळाने काय वाचलं? फक्त तळातली ‘व्हर्जन तीन’ ही ओळ! पान आतून ज्या संगणकी भाषेवर चालतं तिचं व्हर्जन सर्व्हरला विचारून ही ओळ आपोआप उमटायची. समाधानने ती स्वतःच्या खात्रीसाठी टाकली होती आणि काढायची राहिली. पळसदेवचा हा पोरगा कारखान्यात संगणकावर होता, पण हंगामी. ‘कायम व्हा, मग लग्नाची बोलणी,’ असं होणाऱ्या सासऱ्यांनी बजावलं होतं.

“व्हर्जन तीन?” चेअरमन बापूसाहेबांनी चष्मा सावरला. “पलीकडच्या कारखान्याचं किती हाय?”

“चार,” संचालक आप्पा म्हणाले. वाईट बातमी आणण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता.

“आपली चिमणी त्यांच्यापेक्षा उंच, उतारा जास्त, आन हितंच नाक खाली?”

“साहेब, तीनवर झकास चालतंय की,” समाधान म्हणाला.

“तुला कायम व्हायचंय का न्हाय? उद्या पाच दिसलं पायजे!”

पाच अजून जगात निघालंच नव्हतं. पण सहकारात असल्या किरकोळ गोष्टीवाचून काही अडत नाही. समाधानने सर्व्हरला विचारणं बंद केलं आणि हाताने पाच लिहून टाकलं. बापूसाहेबांनी पेढे वाटले आणि हमरस्त्यावर फलकही लावला.

पुढच्याच आठवड्यात वीज गेली, आली आणि पान बंद पडलं. बापूसाहेबांनी स्वतः वेबसाइट दुरुस्त करणाऱ्या पुण्याच्या कंपनीला फोन लावला. तिथल्या इंजिनिअरने आधी व्हर्जन विचारलं.

“पाच!” बापूसाहेब छाती काढून म्हणाले. समाधान मागून हातवारे करत होता, पण बघतो कोण?

“अहो, आम्हाला चारपर्यंतच येतं. तुमच्याकडं पाच कोण चालवतं?”

बापूसाहेबांनी फोन ठेवला आणि समाधानकडे कौतुकाने पाहिलं. “पुण्यालाबी येत न्हाय ते आपल्या पोराला येतं! ह्याची कायमची ऑर्डर काढा.”

ऑर्डर समाधानच्या हातात पडते न पडते तोच आप्पा आत आले. “पलीकडच्यांचं सहा झालं म्हनं.”

“आण ती ऑर्डर हिकडं,” बापूसाहेबांनी हात पुढे केला. “आदी पान चालू कर, सहाच्या वर आकडा दाव. मग बघू.”

झालं! लग्न पुन्हा लोंबकळलं. सगळे जेवायला गेल्यावर समाधानने गुपचूप पुण्याला फोन केला. “सर, आमचं तीनच हाय. पण कुणाला बोलू नका, पाया पडतो.”

इंजिनिअर हसत सुटला. “अहो, तुमच्या पलीकडच्यांचाही सकाळी असाच फोन होता. त्यांचं तर दोनच आहे.”

समाधानने खुर्ची ओढली आणि आठवड्यात पहिल्यांदाच निवांत टेकून बसला.

“मग लवकर चालू करून द्या, सर,” तो म्हणाला. “मला सात लावायचंय.”