अरसीकेरेवरून बेलूर

सुभानरावांच्या देवघरात डाव्या हाताला पंचांग असे, उजव्या हाताला रेल्वेचं वेळापत्रक, आणि रोज सकाळी गंध दोघांनाही लागे. वेळापत्रकाला जरा जास्तच. वर्ष संपेपर्यंत त्याच्या पानांवर गंधाचे इतके थर चढत की हासन कुठलं आणि होळेनरसीपूर कुठलं, हे फक्त सुभानरावांनाच वाचता येई.

मी एकदा न राहवून विचारलं, "भावजी, पंचांगाला गंध मी समजू शकते. ह्याला कशाला?"

"वहिनी, पंचांगातल्या ग्रहांनी आजवर कुणाला कुठं नेऊन सोडलंय? नाही ना, अल्वा? ही गाडी बरोबर सव्वाबाराला नेऊन सोडते. मग मोठा देव कुठला?"

मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत असे. ग्रह माझ्या विषयात येत नव्हते.

म्हैसूरला आमच्या आळीत सगळी आमच्यासारखीच घरं. पणजोबा कधी काळी घोडा आणि भाला घेऊन महाराजांच्या चाकरीला आले, आजोबा शिलेदार झाले, वडिलांच्या वेळी घोडा गेला आणि आमच्या वेळी भालाही माळ्यावर गेला. उरली ती कचेरी. सुभानराव आणि आमचे हे एकाच कचेरीत कारकून. सुभानरावांच्या आजोबांनी म्हणे घोड्यावरून अर्धा मुलूख तुडवला होता. नातवानं तो सगळा ओसरीवर बसून तुडवला, ओल्या बोटानं पानं उलटत.

हे तुडवणं दसऱ्याच्या हत्तीची मिरवणूक, म्हणजे जंबूसवारी, संपली की सुरू होई. नाताळात कचेरीला आणि शाळेला एकदमच सुट्टी, त्यात रेल्वेची सवलतीची परतीची तिकिटं. साहेबाच्या देवाचा जन्म आम्हा शिलेदारांच्या नातवंडांना फार फळला होता. तर ह्या सुट्टीत कुठं गेलं म्हणजे पैशाचं चीज होईल, हे सुभानराव ठरवीत. स्वतःपुरतं नव्हे, अख्ख्या आळीसाठी. कुणी विचारलेलं नसलं तरी.

त्यांचा एक ठरलेला शब्द होता. "सुम्मने दंड!" म्हणजे कानडीत, उगाच वाया. कुठल्याही गावाचं नाव काढा, सुभानराव ते हवेत तोलून पाहत आणि खाली टाकत.

उटी? "थंडी आपल्याकडे डिसेंबरात फुकट पडते. ती डोंगरावर चढून विकत घ्यायची? सुम्मने दंड!"

श्रीरंगपट्टण? "बसलो म्हणता म्हणता उतरायचं. प्रवास झाला असं आतड्याला कळायला नको? सुम्मने दंड!"

बेंगळूर? "तिथं रस्त्यात भेटणारा दर तिसरा माणूस म्हैसूरचा. त्यांना मी इथं चालत जाऊन भेटतो."

मद्रासचा समुद्र? "एवढं पाणी आणि प्यायला घोटभर नाही. ज्यानं केलंय त्यालाच त्याचा उपयोग विचारा."

आणि शिवनसमुद्रचा धबधबा म्हटलं की ते दोन्ही हात जोडत. "वहिनी, त्यातली वीज सरकारनं कधीच काढून घेतली. सत्त्व काढलेलं पाणी बघायला कोण जातं? लोणी काढून घेतल्यावर ताक बघायला जातात का?"

उरलं काय? हरिहर. शिमोगा. चित्रदुर्ग. आणि बेलूर. ही गावं मात्र त्यांच्या तराजूत नेहमी जड भरत. "देव आहे, नदी आहे, धर्मशाळा आहे, आणि मुख्य म्हणजे गाडी बदलावी लागते. एका तिकिटात दोन गाड्या, वहिनी! दुसरीकडे कुठं मिळतात?"

ही दुसरी गाडी अरसीकेरे जंक्शनला मिळे. मिळे म्हणजे काय, तिची वाट पाहावी लागे. त्या जंक्शनवर मी चार नाताळ काढले आहेत. वळकट्यांवर बसून मी फलाटावरच्या खोबऱ्याच्या पोत्यांचा वास घेत असे, आमचे हे तोंडावर पगडी ठेवून झोपत, आणि सुभानराव "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून जे जात ते दुसऱ्या गाडीची घंटा झाल्यावरच उगवत. तेव्हा त्यांचं तोंड विड्यानं लाल असे, आणि मी पुढे केलेला दहीभात ते हातानं मागे सारत. "बेडा वहिनी, भूक नाही." मी समजले, माणूस चोरून हॉटेलात खातो. आम्हाला धर्मशाळेची महती सांगायची आणि स्वतः हॉटेलात! पण बायकोमाघारी एकट्या राहणाऱ्या पुरुषाच्या खाण्यावर आपण काय बोलणार.

बोलले मी दुसऱ्याच गोष्टीवर. सुभानरावांची एकुलती एक मुलगी अंबू अरसीकेरेलाच दिलेली होती, खोबऱ्याच्या व्यापाऱ्याकडे. आम्ही आळीत राहायला आलो त्याआधीच तिचं लग्न झालेलं, त्यामुळे मी तिला पाहिलेली नव्हती. पण गाव तर माहीत होतं. मी सरळ म्हटलं, "भावजी, एवढे तास फलाटावर काढण्यापेक्षा लेकीकडे का उतरत नाही? राहणं फुकट, जेवण फुकट. तुमच्या शास्त्रात ह्याहून स्वस्त काय?"

त्यांनी वेळापत्रकातून डोकंसुद्धा वर केलं नाही. "लेकीच्या घरी? सुम्मने दंड!"

त्या दिवशी हा माणूस माझ्या मनातून उतरला. देवघरात वेळापत्रक ठेवणाऱ्याला मी खुळा म्हणून सोडून देते. लेकीला दंड म्हणणाऱ्याला नाही.

माझी सुट्टी म्हणजे काय ते सांगते. वर्षातले तीनशे सत्तावन्न दिवस मी सकाळी चूल, दुपारी शाळा आणि संध्याकाळी पुन्हा चूल बघत असे. उरलेले आठ दिवस मला कुणी कुठल्याही देवळाच्या पायरीवर बसवलं असतं तरी मी तक्रार केली नसती. फक्त त्या आठांतला येताजाताचा दीड दिवस खोबऱ्याच्या पोत्यांत जाऊ नये, एवढंच माझं मागणं होतं.

म्हणून पाचव्या वर्षी "बेलूर" ठरल्यावर मी शाळेतला भिंतीवरचा नकाशा गुंडाळून घरी आणला आणि ओसरीवर पसरला. म्हैसूरहून गाडी निघते, हासनला येते. हासनहून मोटारीत बसलं की बेलूर. सुभानराव मात्र आम्हाला हासनवरून तसेच पुढे अरसीकेरेला नेत, तिथं गाडी बदलून बाणावरला, आणि तिथून बैलगाडीनं उलटं बेलूरला. म्हणजे हातातला घास मानेमागून फिरवून तोंडात घालायचा तसं. मी दोरा लावून दोन्ही वाटा मोजून दाखवल्या.

"हे काय आहे, भावजी?"

सुभानरावांनी दोऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "त्या बाजूनं देऊळ चांगलं दिसतं."

"देऊळ चांदणीच्या आकाराचं आहे. ते सगळ्या बाजूंनी सारखंच दिसतं."

"तुम्ही नकाशात पाहिलंय. मी डोळ्यांनी."

"ह्या वर्षी हासनला उतरायचं," मी म्हटलं. आमचे हे "हं" म्हणाले. आमच्या घरात ह्यालाच बहुमत म्हणतात. सुभानरावांनी वेळापत्रक मिटलं, आणि मला वाटलं मी जिंकले.

निघालो त्या दिवशी सुभानरावांच्या मांडीवर एक पंच्याचं गाठोडं होतं. ते त्यांनी कुणाला धरू दिलं नाही. दर स्टेशनावर सुरईतलं पाणी ओंजळीत घेऊन त्या गाठोड्यावर शिंपडायचं, हे काम ते इतक्या गंभीरपणे करत होते की समोरच्या बाकावरच्या म्हातारीनं त्याला दोनदा नमस्कार केला.

"काय आहे त्यात?" मी विचारलं.

"सामान. गरम होतं."

हासन आलं. आमचे हे ट्रंक, वळकट्या आणि फराळाचा डबा घेऊन उतरले. मी पायरीवर एक पाय ठेवला आणि मागे पाहिलं. सुभानराव जागचे हलले नव्हते.

"भावजी, हासन आलं."

"दिसलं."

"मग उतरा."

"तुम्ही व्हा पुढे. मी पुढून येतो."

"पुढून म्हणजे कुठून?"

"उद्या सकाळपर्यंत बेलूरला पोचतो, वहिनी. देव कुठं पळून जातोय?"

त्यांनी बाकाची कड घट्ट धरली होती. साठीला आलेला माणूस, डोक्यावर जरीकाठी पेटा, आणि शाळेत सोडायला आणलेल्या पोरीसारखी ती बोटं. तेवढ्यात शिटी झाली. फलाटावर नवरा, डब्यात हा खुळा. विचार करायला वेळ नव्हता. नवरा कुठं हरवणार नव्हता, त्याच्याजवळ फराळाचा डबा होता. मी आत आले.

"इथंच बसा, आम्ही येतो!" मी खिडकीतून ओरडले. ह्यांनी मान डोलावली आणि ट्रंकेवर बसून घेतलं.

अरसीकेरेपर्यंत मी सुभानरावांना जे काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. हॉटेलच्या चोरट्या खाण्यापासून लेकीपर्यंत सगळं काढलं. ते गाठोड्यावर पाणी शिंपडत राहिले.

गाडी थांबताच ते उतरून चालायला लागले. मीही मागोमाग. मालधक्का ओलांडला, खोबऱ्याच्या पोत्यांची थप्पी ओलांडली. तिच्याआड एक बाक होतं. बाकाजवळ पंचविशीची एक मुलगी पितळी डबा घेऊन उभी होती. थोड्या अंतरावर एक तरणा माणूस आमच्याकडे पाठ करून भिंतीवरची चहाची जाहिरात वाचत होता. त्या जाहिरातीत पाचसहा शब्द होते. तो शेवटपर्यंत तेच वाचत होता.

"अप्पा, आज लवकर?" मुलगी म्हणाली, आणि मग मला पाहून तिनं पदर सावरला.

सुभानरावांनी गाठोडं सोडलं. आत केळीच्या पानात शेवंतीची वेणी होती, देवराज मार्केटातली, म्हैसूरहून ओली ठेवून आणलेली. तिनं ती तिथंच माळली. मग डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि डिसेंबरातल्या ताज्या पावट्याची उसळ. सुभानराव बाकावर मांडी घालून जेवायला बसले. तिनं तांब्या पुढे केला आणि ते गटागटा पाणी प्याले.

मला हातपाय कुठं ठेवावेत कळेना. पण माझा स्वभाव गप्प बसायचा नाही. "हिचं घर इथून किती लांब?"

"हाक मारली तर ऐकू जाईल."

"मग हे काय चाललंय बाकावर?"

सुभानरावांनी घास गिळला. "आमच्या घराण्यात, वहिनी, लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही."

हा रिवाज मी ऐकला होता. पण माझ्या वडिलांनी माझ्या घरी पहिल्याच दिवशी तीनदा सांबार मागून घेतलं होतं, म्हणून तो माझ्या कधी ध्यानातच आला नाही.

"दोन वर्षं गेलो मी," ते म्हणाले. "मी ताट नको म्हटलं की त्या घरातल्या बायका माझ्याकडे नाही बघत. हिच्याकडे बघतात. मग बंद केलं जाणं."

"असला रिवाज मोडायचा सरळ! जेवायचं!"

"मोडला असता. पण मी त्या घरात जेवलो की अर्थ काय होतो? बापानंही आशा सोडली. हिच्या सासूला तेवढंच ऐकायचंय." मग त्यांनी बाकावर हात आपटला. "हे बाक कुणाचं? सरकारचं. फलाट कुणाच्या लेकीचं सासर नाही. इथं पाणी चालतं."

"अप्पांनी फलाटावरच्या पाटीवरचे नियम सगळे वाचून घेतलेत," अंबू म्हणाली. "थुंकू नये एवढंच लिहिलंय." आणि ती हसली. जाहिरात वाचणाऱ्या जावयाचे खांदेही जरा हलले.

मग तिनं उरलेली भाकरी माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली. उसळीत मीठ थोडं कमी होतं, तेही मी सांगितलं. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी जास्त घालते, मावशी."

परतीच्या गाडीनं हासनला आलो तर आमचे हे ट्रंकेवर तसेच बसलेले, फराळाचा डबा मात्र रिकामा. "काय झालं काय?" त्यांनी विचारलं.

"झोप लागली," मी म्हटलं.

"दोघांनाही?"

"दोघांनाही."

पुढच्या वर्षी जंबूसवारी संपली आणि ओसरीवर पुन्हा सभा भरली. मी नकाशा आणला नव्हता. म्हटलं, "बेलूरच करू. अरसीकेरेवरून."

आमचे हे चकित झाले. "अगं, हासनवरून जवळ पडतं ना?"

"पडतं. पण त्या बाजूनं देऊळ चांगलं दिसतं."

सुभानराव वेळापत्रकात डोकं घालून बसले होते. त्यांनी ते वर केलं नाही.

"भावजी, जंक्शनवर किती वेळ मिळतो?"

"पावणेचार तास."

"पहाटेची गाडी धरली तर?"

त्यांनी बोट ओलं केलं. गंधानं चिकटलेली पानं सुटायला जरा वेळ लागला.

"पावणेसात तास, वहिनी."

"मग ती धरा," मी म्हटलं आणि रात्रीच्या दशम्यांचं पीठ भिजवायला आत गेले.