बिघडल्यावर कोण येणार?

बाळाराम भोईर कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी ती बिघडल्याची तक्रार करतात.

मिक्सर घ्यायला गेले तेव्हा दुकानात शिरल्या शिरल्या त्यांचं पहिलं वाक्य होतं, "याचं भांडं गळतंय." दुकानदार म्हणाला, "काका, अजून खोक्यातनं काढला नाय." काका म्हणाले, "ते दिसतंय मला. गळतंय असं समज. आता तू काय करशील?" दुकानदारानं बिल दाखवा, कंपनीला कळवू, आठ दिवस थांबा अशी आरती सुरू केली. काकांनी आरती पुरी होऊ दिली आणि चपला घालून बाहेर पडले. तिसऱ्या दुकानातला माणूस म्हणाला, "आणा हिकडं, वायसर बदलतो, बसा." मिक्सर तिथं घेतला. रंग कोणता देऊ असं विचारल्यावर म्हणाले, "असंल तो."

काका आमचे शेजारी. शिळफाट्यावरून रिक्षानं वीसेक मिनिटांवर आमचं गाव, आणि गावात आमच्या दोन घरांच्या मध्ये फक्त त्यांच्या म्हशीचा गोठा. सगळी नोकरी त्यांनी खोपोलीच्या एका कारखान्यात बॉयलरवर काढली. बॉयलरवर काम केलेल्या माणसाचा कुठल्याही चालू यंत्रावर विश्वास नसतो, असं त्यांच्याकडे पाहून माझं मत झालं आहे. "चालतंय तवर समदेच आपले असतात," ते म्हणतात. "बिघडल्यावर बोल."

हे 'बिघडल्यावर बोल' त्यांनी यंत्रांपुरतं ठेवलेलं नाही. एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरवताना मुलाकडच्यांना त्यांनी पगार विचारला नाही, जमीन विचारली नाही. विचारलं, "तुमच्यात भांडण झालं की मिटवायला कोण येतं?" मग कोपऱ्यातला एक म्हातारा मामा म्हणाला, "मलाच बोलवतात." काकांनी त्या मामाला वेगळं बसवून तासभर गप्पा मारल्या, आणि लग्न ठरलं. नवरा मुलगा नीट पाहायचा राहिला तो राहिलाच. लेक आता नाशिकला असते, सुखात आहे, मामाही अजून खणखणीत आहे.

आता बंबाची गोष्ट.

आमचा सहा जणांचा एक गट आहे. धुराविरुद्ध आम्ही पत्रकं काढतो, घरोघर वाटतो, ग्रामसभेत उभं राहून बोलतो आणि लोक पानं खात ऐकतात. घरात बसून धूर गिळायचा आणि त्याला वाडवडिलांची पद्धत म्हणायचं, याची मला चीड आहे आणि ती मी लपवत नाही. पत्रक मीच लिहिते, म्हणून काका मला नावानं हाक मारत नाहीत. मी ओट्यावर आले की आत आवाज देतात, "अगं, हँडबिल आली. च्या ठेव."

च्या ठेव असं म्हणून ते स्वतःच उठतात आणि ठेवतात. कारण ताराकाकूंना संधिवात आहे. सकाळी त्यांची बोटं मुठीसारखी मिटलेली असतात. कढत पाण्यात अर्धा तास ठेवली की एकेक करून उघडतात, मग त्या केस विंचरतात, भाकरी थापायचा हट्ट करतात, शेजारणींवर टीका करतात, म्हणजे माणसात येतात. पाणी मिळालं नाही तर दिवसभर त्या नुसत्या बसून असतात आणि काका त्यांच्यासमोर नुसते बसून असतात. म्हणून गेली कित्येक वर्षं काका पहाटे उठून न्हाणीतला तांब्याचा बंब पेटवत आले. लाकडं फोडणं, फुंकणं, राख काढणं, सगळं स्वतः. गेल्या दिवाळीनंतर त्यांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि विचारलं, "घरात लाकूड कोण जाळतं?"

मी तयारच होते. दुसऱ्याच दिवशी पत्रक घेऊन गेले. गॅस गिझरची कळ काकूंच्या बोटांना फिरत नाही. सौर बंबाला आमच्याकडे पावसाचे चार महिने सुट्टी. साधा गिझर लावला तर आमच्या कमी दाबाच्या लाइटवर तो पंख्यालाही झोपवतो. म्हणून हीट पंप. हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, वीज गिझरपेक्षा कितीतरी कमी खातो, धूर नाही, राख नाही. काकांनी चष्मा लावून पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं.

"म्हंजे फ्रीजची पाठ," ते म्हणाले. "फ्रीज पाठीमागं गरम लागतो बघ. त्या गरमीवर अंघोळ."

इतक्या कमी शब्दांत मला ते कधीच लिहिता आलं नव्हतं. मी होकार दिला.

"यंत्र बेस हाय. पन हँडबिलात एक ऱ्हायलंय. बिघडल्यावर कोण येणार?"

"काका, पाच वर्षांची वॉरंटी असते."

"वॉरंटी रिक्षा करून येते, का चालत?"

मी म्हणाले की आधी लोकांनी धूर सोडायला हवा, बाकीचं मागून होतं. काकांनी पत्रकाची घडी घातली. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "डोंगराखालच्या वसतिगृहात तुमीच बसवला ना गं एक? तितं कोंबडी बसलीय अंड्यांवर. मी बघून आलो."

ते खरं होतं. आमच्या गटानं देणगी जमवून तो बसवला होता, फोटो काढले होते, एका पावसाळ्यात तो बंद पडला आणि कंपनीचा माणूस कधीच आला नाही. मुली पुन्हा चुलीवर पाणी तापवायला लागल्या. आम्ही त्यावर पत्रक काढलं नाही.

तेव्हापासून काकांची शोधमोहीम सुरू झाली आणि मला गुमान मागे जावं लागलं.

पहिलं दुकान चकचकीत होतं. काचेचं दार, आत गारवा, टाय लावलेला विक्रेता. काका आत शिरले आणि म्हणाले, "पाणी तापत नाय." विक्रेत्यानं सिरियल नंबर विचारला. काका म्हणाले, "तो अजून तुमच्याकडंच हाय." विक्रेता हसला आणि म्हणाला, "सर, आमचं मशीन बिघडतच नाही." काका वळले. बाहेर आल्यावर मी विचारलं की एवढ्यात काय कळलं. ते म्हणाले, "बिघडत नाय म्हणतो, म्हंजे बिघडल्यावर ओळख दाखवणार नाय."

दुसऱ्या कंपनीचा मदतीचा फोन नंबर होता. काकांनी तो ओट्यावर बसून, मोठा आवाज करून लावला. एक बाई म्हणाली की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि सनई वाजू लागली. काकांनी फोन गोठ्याच्या खुंटीला अडकवला आणि म्हैस पिळली. पिळून झाली, सनई चालूच. वैरण टाकली, सनई चालूच. काकू आतून म्हणाल्या, "कुनाचं लगीन लागतंय हो?" शेवटी एक मुलगा बोलला, दूरच्या कुठल्या शहरातून. काकांनी त्याला विचारलं, "खालापूर कुटं हाय ठाव हाय का बाबा?" त्यानं पिनकोड मागितला. काकांनी त्याला आशीर्वाद देऊन फोन ठेवला.

असे दोन महिने गेले. पहाटे बंब पेटतच होता, काकांचा खोकला माझ्या खोलीत ऐकू येत होता, आणि स्पष्ट लिहायचं तर माझा संताप वाढत होता. परिपूर्ण यंत्राची वाट बघत माणसं धुरात मरतात, असं मी त्यांना तोंडावर सुनावलंदेखील. काका म्हणाले, "यंत्राची नाय गं. मानसाची वाट बघतोय."

माणूस सापडला शिळफाट्यालाच, फ्रीज आणि बर्फाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका गाळ्यात. नझीरभाई. पन्नाशीचे, हातावर गॅसच्या डागण्या, कानावर पेन्सिल. ते एका मध्यम कंपनीचे हीट पंप बसवायचे. काकांनी नेहमीप्रमाणे तक्रार मांडली. नझीरभाई मान वर न करता म्हणाले, "पाणी तापत नाय की उशिरा तापतं?"

काका स्टूल ओढून बसले.

"उशिरा असंल तर जाळी साफ करा, घरच्या घरी होतंय. गॅस गेला असंल तर त्याच दिवशी भरतो. कॉम्प्रेसर माझ्याकडं एक पडलेला असतो, तो बघा मागं. बोर्ड गेला तर मात्र काका, पुण्यावरनं येतो. दोन दिवस. झूट नाय बोलनार."

"दोन दिवस पानी कसं तापवायचं?"

"आत एक साधी कॉइल असते, तिच्यावर चालवायचं. बिल वाढंल. लाइट कमी असंल तर वेळ लागंल."

काकांनी पुढे विचारलेले प्रश्न कुठल्याच पत्रकात नसतात. घर कुठे? मुलं किती? शुक्रवारी दुकान किती वाजता बंद? तुम्ही आजारी पडलात तर कोण येतं? ("भाऊ. पन तो तोंडाचा फटकळ हाय." "चालंल.") शेवटी त्यांनी नझीरभाईंना घरी जेवायला बोलावलं. मशीन ठरायच्या आधी. ताराकाकूंनी त्या दिवशी स्वतः भाकऱ्या केल्या, आणि काका नझीरभाईंना न्हाणी, मीटर, मुख्य खटका, मागचं दार असं सगळं दाखवत फिरले. मला वाटलं, माणूस यंत्र घेतोय की घरजावई.

मशीन बसलं. नझीरभाईंनी ते न्हाणीच्या आत न ठेवता मागच्या भिंतीला, गोठ्याकडे तोंड करून लावलं, कारण त्याला मोकळी हवा लागते. ते गरम पाणी करतं आणि बाहेर गार वारा सोडतं. हा वारा म्हशीला इतका मानवला की ती तिथून हलेना. भर उन्हाळ्यात आळीतले तीन म्हातारे खुर्च्या घेऊन तिच्या शेजारी बसू लागले आणि काकांना विचारू लागले, "बाळाराम, अंघोळ कधी रं करनार? गरम व्हतंय."

काकांचा दम कमी झाला. पण बंब जागचा हलला नाही. तो घासलेला, भरलेला, शेजारी फोडलेली लाकडं. मी विचारलं की काढत का नाही. ते म्हणाले, "अजून एक टेस्ट बाकी हाय."

ती मला कळली भाद्रपदात. सकाळी सातला काकूंनी हाक मारली. मी गेले तर त्या न्हाणीच्या दारात बसलेल्या, नळाखालची बादली थंड. काका पिशवी घेऊन खोपोलीला गेले होते, दुपारपर्यंत येणार होते. मी फोन काढला. काकू म्हणाल्या, "थांब. मीच लावते." काकांनी त्यांच्या जुन्या फोनवर एका बटनात नझीरभाईंना बसवून ठेवलं होतं. ते बटन त्यांनी बोटाच्या सांध्यानं दाबून धरलं. पलीकडून आवाज आला, "बोला भाभी." काकू म्हणाल्या, "पानी तापत नाय." एवढंच.

नझीरभाई स्कूटरवरून आले. जाळी बघितली, पाइपला हात लावला, मग मीटरकडे गेले आणि थबकले. मशीनचा खटका खाली पाडलेला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खटका वर केला आणि काकूंसमोर जाऊन बसले.

खटका पाडणारा लांब गेला नसणार, म्हणून मी गोठ्यामागे गेले. काका उलट्या घमेल्यावर बसले होते. मांडीवर पिशवी, हातात घड्याळ.

"पाऊन तास," ते म्हणाले. "पाऊस असूनशान."

"काका, हे मुद्दाम केलंत?"

"बॉयलर फुटल्यावर टेस्ट घेतात का? आदी घेतात." त्यांनी घड्याळ मनगटाला बांधलं. "तिनं फोन केल्यावर मानूस येतो का, हे मला मी मेल्यावर कसं कळनार? मी हाय तवरच बघायला पायजे."

मी तरीही म्हणाले की काकूंची बोटं पाऊण तास तशीच राहिली, हे बरं नाही. नझीरभाईंची स्कूटर गेल्याचा आवाज आल्यावर काका पिशवी घेऊन उठले आणि शेताच्या बाजूनं वळसा घालून निघाले, खोपोलीहून आल्यासारखे दिसावेत म्हणून.

मी आत गेले. काकू चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. बोटं उघडी होती. शेजारी गोधडीत गुंडाळलेला दुधाचा मोठा डबा होता, झाकण उघडं, आतल्या पाण्यातून अजून वाफ येत होती.

"अंधारात उटून ह्यो डबा भरलान, बाकीचं गरम पानी सोडून दिलान," काकू म्हणाल्या. "मग खटका पाडलान. त्याला वाटतंय मी झोपलेली."

"मग तुम्ही फोन का केलात?"

"इतका जीव काढून बसलाय मागं. नसता केला तर उद्या परत केलं असतं त्यानं." त्यांनी पाय लांब करून डबा परत पलंगाखाली ढकलला. "त्याला बोलू नको गं, हँडबिल. त्याला वाटू दे, मला एकटीला जमलं."

दुपारी काका ओलेचिंब परत आले. काकूंनी विचारलं, "खोपोलीत काम झालं?" काका म्हणाले, "झालं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोडलेली लाकडं आळीतल्या म्हाताऱ्यांना वाटून टाकली. धूर आता त्यांच्या न्हाण्यांत जाणार, म्हणून मी काकांशी भांडले.